मुद्देमालाची पावती

६ फेब्रुवारी

निवृत्त होऊन सात महिने झाले आणि आज पुन्हा नोकरीला लागलो. कोर्टात तेहतीस वर्षं काढली, शेवटची नऊ शिरस्तेदार म्हणून. आता नव्या लोकसेवा तक्रार आयोगाचा सचिव. सरकारी माणसानं लाच मागितली, काम अडवलं, सरकारी माल विकून खाल्ला, तर सामान्य माणसानं जायचं कुठे? आमच्याकडे. आम्ही कुठल्याही खात्याच्या हाताखाली नाही. कायद्याच्या तिसऱ्या कलमात 'स्वतंत्र' हा शब्द दोनदा आलाय. मी तो हिला वाचून दाखवला.

ही म्हणाली, "एकदा लिहून भागत नव्हतं का?"

हिचं हे असंच. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही कागदाला हिनं सरळ दाद दिलेली नाही.

जागा वजनमापं कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, एक नळ, खुर्ची एकही नाही. मदतीला एक टंकलेखिका बाई दिल्यात, पन्नाशीच्या. भूमापन कार्यालयात त्यांना सगळे 'खडा' म्हणत म्हणे. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "दाताखाली येते म्हणून." दिवसभर आम्ही दोघं खिडकीच्या कट्ट्यावर बसून फायलींना नाड्या ओवत होतो.

११ फेब्रुवारी

तात्या देवासारखा धावून आला. शाळेत एका बाकावर बसलो, आज तो आरोग्य खात्यात उपसंचालक आहे आणि तरी मला अरेतुरे करतो. आमची दशा बघून त्यानं आपल्या भांडारातून दोन टेबलं, सहा खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट पाठवलं. वर म्हणाला, "स्वतंत्र असलास तरी उभ्यानं न्याय देणार का रे?"

बाईंनी विचारलं, "उद्या त्याच खात्याविरुद्ध तक्रार आली तर?" मी म्हटलं, सरकारी सामान सरकारी जागेत आलंय, रीतसर पोच दिलीय, मिंधेपणाचा प्रश्नच नाही. मात्र बाई अजून स्वतःचा घरून आणलेला स्टूलच वापरतात. माणसं उगीच हट्टी असतात.

२० फेब्रुवारी

अध्यक्ष रुजू झाले. निवृत्त न्यायाधीश, वय चौऱ्याहत्तर, डाव्या कानात यंत्र. आठवड्यातून दोन दिवस येणार. म्हणाले, "आपल्याला चौकशीचा अधिकार आहे, शिफारशीचा आहे. शिक्षेचा नाही."

मी म्हणालो, "साहेब, आपली शिफारस डावलायची कुणाची छाती होईल?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "कोर्टात तेहतीस वर्षं होतात ना तुम्ही? मग असे कसे राहिलात?"

बरं वाटलं. वरिष्ठांकडून अशी शाबासकी क्वचितच मिळते.

२८ फेब्रुवारी

नियमावली पूर्ण. बावीस नियम, सगळे माझ्या हातचे. सातवा: तक्रारीवर पूर्ण नाव, पत्ता, सही आणि प्रतिज्ञापत्र हवं. नववा: तक्रारीची प्रत, सोबतच्या सगळ्या कागदांसह, पंधरा दिवसांच्या आत संबंधित खात्याकडे म्हणणं मांडायला पाठवायची. नववा मूळ मसुद्यात नव्हता. काल तात्या घरी चहाला आला होता, बोलता बोलता म्हणाला, "दुसरी बाजू न ऐकता निकाल द्यायला तुम्ही काय चावडीवरचे रिकामटेकडे आहात?" अगदी माझ्या मनातलं बोलला. मी तर जन्मभर हेच पाहिलं.

टंकताना बाई थांबल्या. "नाव झाकून प्रत पाठवता येणार नाही का?"

मी म्हणालो, "बाई, निनावी तक्रार म्हणजे अंधारातून मारलेला दगड. ज्याला खरं बोलायचंय त्यानं नाव कशाला लपवायचं?"

"पोराबाळांसाठी," त्या म्हणाल्या आणि पुढे टंकू लागल्या.

१२ मार्च

उद्घाटन झालं. मंत्री आले, फीत कापली, सतरा मिनिटं बोलले, गेले. त्यानंतर दिवसभरात एकच माणूस जिना चढून आला. त्याला वजनकाटा तपासून हवा होता.

१९ मार्च

आजवर तक्रारी चार. एक शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. एक स्वतःच्या सासऱ्याविरुद्ध, सासरे सरकारी नोकरीत होते म्हणून. उरलेल्या दोघांना प्रतिज्ञापत्राचा कागद दिला, ते तो घरी घेऊन गेले ते गेलेच. अध्यक्षांना सांगितलं, हळूहळू विश्वास बसेल. ते म्हणाले, "हं."

२ एप्रिल

आज खरी पहिली तक्रार आली. हे लिहिताना हात हलका झालाय.

सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिस विभागाच्या सिस्टर. चाळिशीच्या आसपास, बुटक्या, बोलणं तोलून मापून. आल्या त्या थेट टेबलावर पिशवी ठेवून म्हणाल्या, "इथे ऐकतात का, की नुसतं लिहून घेतात?"

मी म्हणालो, "दोन्ही."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून शुद्ध करतात, त्या यंत्राला एक फिल्टर लागतो. वीतभर लांबीची पारदर्शक नळी, आत केसाएवढे हजारो धागे. सरकार प्रत्येक रोग्यासाठी प्रत्येक वेळी नवा फिल्टर पुरवतं. कागदोपत्री तो लागतोही. प्रत्यक्षात जुनाच धुऊन पुन्हा लावतात आणि नव्यांची खोकी मागच्या दारानं खाजगी दवाखान्यांत जातात. भांडारप्रमुख, विभागाचे डॉक्टर, वरचे आणखी कुणी.

"हे कशावरून म्हणता?"

त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेला फिल्टर काढला. तळाशी लाल नेलपॉलिशचे बारीक ठिपके होते. "मी दर वापराला एक ठिपका देत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुरुषांच्या नजरेला नेलपॉलिश बोटावरच दिसतं. मोजा."

मी मोजले. अकरा.

"थंडी वाजून येते त्यांना, साहेब. मशीनवरच कापायला लागतात. मला विचारतात, सिस्टर, खिडकी उघडी आहे का? खिडकी बंद असते. माझे दोन गेले. एक शाळामास्तर होते, मला व्याकरण शिकवायचे."

मी लगेच प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मुद्देमालाची पावती स्वतःच्या हातानं लिहिली: 'तक्रारदारांकडून प्राप्त, फिल्टर, नग एक.' त्या म्हणाल्या, "ठिपक्यांचंही लिहा ना."

मी समजावलं, की पावतीत वर्णन थोडक्यात असावं, तपशील तक्रारीत आलाच आहे. कोर्टात मी कित्येक कारकुनांना हेच शिकवलंय. त्यांनी मान हलवली. फिल्टर लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली माझ्याजवळ.

जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. म्हणाल्या, "घरी सासूबाई आहेत आणि दोन मुली. नवरा नाही. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

३ एप्रिल

नियम नववा. प्रत आरोग्य खात्याकडे रवाना. पंधरा दिवसांची मुदत असते, मी दुसऱ्याच दिवशी पाठवली. दिरंगाई माझ्या रक्तातच नाही.

७ एप्रिल

खात्याचं उत्तर चार दिवसांत आलं! कोर्टात मी याच खात्याच्या उत्तराची अडीच वर्षं वाट पाहिलेली आहे. आयोगाचा वचक बसला म्हणायचा. मजकूर मात्र अपेक्षित तोच: आरोप निराधार, साठ्याच्या नोंदी चोख. शेवटच्या ओळीत, 'तक्रारदार यांच्या वर्तनाबाबत स्वतंत्र पडताळणी चालू आहे.'

बाईंना वाचून दाखवलं. "बघा, 'स्वतंत्र' म्हणतात तेही," मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

१४ एप्रिल

तात्या आला होता. हिनं चहा दिला आणि आत निघून गेली, अलीकडे तो आला की हिला फार कामं असतात. तात्या तक्रारीबद्दल अवाक्षर बोलला नाही. मीही सचिव आहे, नाव माझ्या तोंडून निघणं शक्य नाही. आणि नाव त्याच्या खात्याकडे गेलेलंच आहे, तेव्हा तसा प्रश्नही नव्हता. तो नुसतं म्हणाला, "तुमच्याकडे लोक नुसती तोंडाची वाफ दवडायला येत असतील." मला ते लागलं. मी म्हणालो, "वाफ नाही, वस्तू आणून देतात लोक. कपाटात कुलूपबंद आहे आमच्या."

"असं? पावतीबिवती देतोस ना?"

"म्हणजे काय!"

तो मनापासून हसला, म्हणाला, "तू बदलणार नाहीस." मग थोरलीची चौकशी केली. तिचा नवरा आरोग्य खात्यातच औषधनिर्माता, चार वर्षं आडगावी पडलाय, लेक आमच्याकडे आणि जावई तिकडे. "बघतो कुणाशी बोलून," असं जाता जाता म्हणाला.

२९ एप्रिल

जावयाची बदली झाली! इथेच, घरापासून पायी दहा मिनिटांवर. थोरली रडत होती, नातीनं बाबांचा बूट हातातून सोडला नाही. चार वर्षं अर्ज करत होतो, अखेर गुणांची कदर झाली.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कदर कुणी केली, ते विचारलंत का?"

आनंदात मीठ कालवायची एवढी हौस कशी असते कळत नाही.

३ मे

सिस्टर निलंबित झाल्या. बाईंनी सांगितलं. त्यांना कुठून कळलं ते विचारलं तर म्हणाल्या, "मी विचारत असते." कारण: सरकारी साहित्याची चोरी.

मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. चोरी कसली?

६ मे

खात्याचे दोन अधिकारी आणि एक पोलीस आले. सोबत पत्र: आयोगाच्या ताब्यात असलेला फिल्टर ही खात्याची मालमत्ता आहे, ती कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय दवाखान्याबाहेर नेली, सबब परत करावी. पुरावा म्हणून पावतीची प्रत जोडलेली. माझं अक्षर. माझी सही. पावतीची दुसरी प्रत नववा नियम पाळून मीच पाठवली होती.

मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं, मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग म्हणाले, "आपल्या कायद्यात मुद्देमाल रोखून धरायचा अधिकार नाही. मी शोधलं होतं. द्या."

"साहेब, तो गेला की…"

"मला कळतंय."

दिला. बाई उठून नळापाशी जाऊन उभ्या राहिल्या. अधिकारी पावती लिहून देत होता, मी म्हणालो, यात ठिपक्यांचा उल्लेख करा. तो अदबीनं म्हणाला, "साहेब, वर्णन थोडक्यात असावं असं तुमच्याच पावतीवरून दिसतं."

८ मे

तात्याच्या ऑफिसात गेलो. तिथे गेल्यावर त्याचं टेबल पाहिलं, आमच्याकडे पाठवलेल्यांचा जोड. मी सरळ विचारलं, "त्या सिस्टरच्या मागे कोण लागलंय?"

"मला काय माहीत? मी तुला कधी काही विचारलं का?"

मी आठवू लागलो. खरंच, त्यानं कधी काही विचारलं नव्हतं.

"तिला सांग, माफी लिहून दे, तक्रार मागे घे. नोकरी वाचेल," तो म्हणाला. मग चहा मागवला. "जावई रुळला का रे? नवीन जागा आहे, सांभाळून राहायला सांग. बदली काय, जशी येते तशी जाते."

चहा मी प्यायलो. का प्यायलो कुणास ठाऊक. अर्धा कप झाल्यावर शब्द कळले, तरी उरलेला अर्धाही प्यायलो.

९ मे

हिला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, मी म्हटलंच होतं. म्हणाली नाही. ती माझ्याशेजारी बसून राहिली. तेच जास्त वाईट.

१७ मे

सिस्टरच्या घरी गेलो. दोन खोल्या, सासूबाई पलंगावर. धाकटी मुलगी गृहपाठ करत होती. मी माफीपत्राचं बोललो. स्वतःचा आवाज मला तात्याचा वाटला.

सिस्टर म्हणाल्या, "तक्रार खोटी होती असं लिहू?"

"गैरसमजातून केली, असं."

"अकरा वेळा गैरसमज झाला होय?" मग म्हणाल्या, "साहेब, मला भीती वाटत नाही असं नाही. पण मी मागे घेतलं तर तोच फिल्टर बाराव्यांदा लावतील. तुम्ही फक्त खात्याच्या चौकशीत सांगा, तुम्ही ठिपके मोजले होते. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मी कबूल केलं. धाकटीनं मला पाणी आणून दिलं.

१९ जून

उद्या माझी साक्ष. जावयानं फोन केला होता. काही म्हणाला नाही, नुसतं, "बाबा, तुम्ही योग्य तेच कराल." त्यामागून नातीचा आवाज येत होता.

हिला विचारलं, काय करू? म्हणाली, "खरं सांगा. खोटं तुम्हाला जमायचं नाही, तिथेही घोटाळा कराल."

२० जून

खात्याचं सभागृह. चौकशी अधिकारी माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सिस्टर समोरच्या बाकावर, महिन्याभरात इतक्या वाळलेल्या, की क्षणभर ओळखल्या नाहीत.

"हा फिल्टर तक्रारदारांनी तुमच्याकडे आणून दिला?"

"हो."

"ही पावती तुमची?"

"हो. परंतु त्यावर लाल ठिपके होते, अकरा. मी स्वतः मोजले."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतला फिल्टर पुढे केला. स्वच्छ होता. एकही ठिपका नाही. स्पिरिटचा वास मला दोन हातांवरून आला.

"पावतीत ठिपक्यांचा उल्लेख आहे?"

"नाही, पण तक्रारीत…"

"ते त्यांचं म्हणणं झालं. तुमची नोंद काय म्हणते?"

"नग एक. पण मी शपथेवर सांगतो…"

"विचारलं तेवढंच सांगा, साहेब."

तेहतीस वर्षं हे वाक्य मी साक्षीदारांना ऐकवलं. कसलेकसले लोक असायचे, हात जोडून काहीतरी आणखी सांगू पाहणारे. मला वाटायचं, अडाणी आहेत.

खाली उतरलो. चार प्रश्नांची चार खरी उत्तरं दिली होती मी. खोटं एकही नव्हतं त्यात.

४ जुलै

सिस्टर बडतर्फ. निवृत्तिवेतन नाही. अध्यक्षांनी आठ पानांची शिफारस केली होती, फेरचौकशी करा म्हणून, फार सुंदर भाषा. खात्याचं उत्तर एका ओळीचं: 'नोंद घेण्यात आली.' तेही चार दिवसांत.

९ जुलै

सिस्टर आल्या होत्या. वाटलं, बोलतील मला. त्यांना नोकरीच्या अर्जाला जोडायला आपल्या प्रतिज्ञापत्राची प्रत हवी होती. म्हणाल्या, "चोर म्हणून काढलं असं कळण्याआधी, का काढलं ते त्यांनी वाचावं."

मी म्हणालो, "मला क्षमा करा."

त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या, खरोखरच, जणू हिशेब जुळतो का बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट नाही हो. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर मी आधीच ओळखलं असतं." बाईंनी त्यांना जिना उतरून फाटकापर्यंत सोडलं. मी खिडकीतून पाहिलं, दोघी फाटकाशी बराच वेळ उभ्या होत्या.

१ ऑगस्ट

राजीनामा लिहिला. खणात ठेवला. थोरलीनं काल नातीचं नाव इथल्या शाळेत घातलं.

१६ ऑगस्ट

सहामाही अहवाल. प्राप्त तक्रारी एकोणचाळीस, निकाली एकोणचाळीस, प्रलंबित शून्य. मंत्रालयाचं अभिनंदनाचं पत्र आलं. अध्यक्ष वाचून म्हणाले, "यात एकही आकडा खोटा नाही, नाही का?" आणि कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. हल्ली ते काढूनच बसतात.

एकोणचाळीसपैकी नऊ जणांची काय गत झाली ते बाई एका वहीत टिपतात. मी ती वही आज पहिल्यांदा मागितली. चार बदल्या, एक निलंबन, एक बडतर्फी, एकाचा परवाना गेला, एकाला घरात शिरून मारलं, एक बेपत्ता. मी विचारलं, हे आधी का दाखवलं नाही? म्हणाल्या, "नियमात नव्हतं."

२५ ऑगस्ट

अध्यक्षांपुढे नियम सात आणि नऊ रद्द करायचा प्रस्ताव ठेवला. सही झाली. मंत्रालयानं परत पाठवला: 'ही नियमावली आदर्श असून अन्य आयोगांनाही लागू करण्यात येत आहे.' सोबत माझ्या नावे प्रशस्तिपत्र.

८ सप्टेंबर

बाई रजेवर होत्या. दुपारी एकटाच होतो. एक तरुण मुलगी जिना चढून आली, विशीबाविशीची, हातात फाईल छातीशी धरलेली. वडील डायलिसिसवर आहेत म्हणाली. त्याच दवाखान्यात. "त्यांना मशीनवर थंडी वाजते. मी फोटो काढलेत. तक्रार द्यायचीय."

फाईल तिनं पुढे केली. मी हात लावला नाही.

"घरी जा," मी म्हणालो.

तिला वाटलं तिनं नीट सांगितलं नाही. पुन्हा सगळं सांगू लागली. मी म्हणालो, "मुली, ऐक. इथे काही देऊ नकोस. सही करू नकोस, नाव सांगू नकोस. ते फोटो कुणाला दाखवू नकोस. वडिलांना जमलं तर दुसरीकडे ने. आणि पुन्हा इथे येऊ नकोस."

सात महिन्यांत या खुर्चीवर बसून मी केलेलं हे पहिलं भलं काम. तिला ते कळेल असं मला वाटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. समजल्यासारखा. ओळख पटल्यासारखा. तिनं फाईल काखेत धरली, पर्स उघडली, आणि घडी घातलेली एक नोट टेबलाच्या कडेवर ठेवली.

"सध्या एवढेच आहेत, साहेब," ती म्हणाली. "काम झालं की आणखी बघते."

मी उभा राहिलो. नको नको म्हणून हात हलवले, तर तिला वाटलं कमी पडले. डोळे भरून आले तिचे. "खरंच नाहीत हो," म्हणाली आणि वळून भरभर जिना उतरली. मी मागे धावलो. गुडघा दुखतो माझा. फाटकाशी पोचेपर्यंत रस्त्यावर गर्दी होती आणि त्यात ती कुठली ते कळेना.

वर आलो. नोट टेबलावर तशीच होती. ती परत करायची तर कुणाला? तिचं नाव विचारलं नव्हतं.